अर्थ अनिश्चित

बाभुळगाव
९ जून २०२४

कपिल,

हे पत्र प्रणालीच्या नावानं पाठवता आलं असतं. तिनं ते उघडलंही असतं. पण मजकूर तुझ्यासाठी आहे, म्हणून पाकिटावर तुझंच नाव घातलं आहे. तू माझा नंबर ब्लॉक केलास, त्यामुळे टपालाशिवाय मार्ग नाही. पोस्टातला माणूस म्हणाला, "मॅडम, आता कोणी घरचं पत्र टाकते काय?" मी म्हटलं, टाकतात कधी कधी.

आईकडून कळलं की तुमच्या सोनूचे पाय ताठ होतात, ती टाचा टेकवत नाही, आणि जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला असावा असं पुण्याच्या डॉक्टरांचं म्हणणं आहे. दिवाळीनंतर टाचेमागची नस लांबवायचं ऑपरेशन ठरलं आहे, हेही कळलं. आईनं हे सगळं मेथी निवडता निवडता सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मी तुले काही सांगतलं नाई, बरं." म्हणजे तू तिला बजावलेलं आहेस. तिच्यावर रागावू नकोस.

मला एकच विचारायचं आहे. सोनू सकाळी उठल्यावर कशी चालते आणि संध्याकाळी कशी चालते? दोन्हींत फरक आहे का? असला तर तो डॉक्टरांना सांगितलास का?

मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तर घरातल्या माणसांनाच ठाऊक असतं.

माझं म्हणशील तर मी कोविडपासून इथेच आहे. बंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरून करते. देशभरातल्या दवाखान्यांतून तिच्याकडे रक्ताचे नमुने जातात, मशीन त्यातली जनुकं वाचतं. प्रत्येक माणसाच्या जनुकांत हजारो ठिकाणी काही ना काही वेगळं निघतं आणि त्यातलं बहुतेक सगळं निरुपद्रवी असतं. नेमक्या कोणत्या बदलानं हा माणूस आजारी पडला, हे कुणालातरी बसून ठरवावं लागतं. ते मी ठरवते. समोरच्या खोलीत टेबल टाकलं आहे. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर आहे. बाबा लोकांना सांगतात, "पोरगी कंप्युटरवर रायते." त्यात चूक काही नाही.

उत्तर प्रणालीनं आईच्या फोनवर कळवलं तरी चालेल.

ताई


बाभुळगाव
१४ जुलै २०२४

कपिल,

उत्तर आलं नाही. पाकीट परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असावं.

तू आईला म्हणाला होतास, पीएचडी करून घरी येऊन बसली. ते मला कळलं तेव्हा उत्तर द्यावंसं वाटलं नव्हतं. आज पावसानं नेट बंद आहे आणि वेळ आहे, म्हणून लिहिते.

पुण्याला माझा विषय कॉम्प्युटेशनल बायोलॉजी होता. प्रथिनांच्या घडीवर काम केलं. पदवी झाल्यावर माझ्या गाइडबाईंनी सांगितलं की आता बाहेर जाऊन पोस्टडॉक करायचं, तीन-चार वर्षांनी परत यायचं आणि कुठल्यातरी संस्थेत चिकटायचं. जर्मनीतून होकार आला होता. मी गेले नाही. त्या वर्षी बाबांची बायपास झाली आणि तू नव्या नोकरीत होतास. उपकार म्हणून सांगत नाही, क्रमानं सांगायचं म्हणून सांगते.

मग यवतमाळच्या एका कॉलेजात मुलाखत दिली. प्राणिशास्त्राच्या पॅनेलवरचे सर म्हणाले, "तुमचं सारं काम कंप्युटरवरचं दिसते. बेडूक कधी हातात घेतला काय?" मी म्हटलं, बीएस्सीला घेतला होता. ते हसले. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात कंप्युटरची जागा निघाली. तिथले सर फाइल चाळून म्हणाले, "मॅडम, तुमची तं बीएस्सी प्राणिशास्त्राची आहे." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. आमच्या विषयाची जागा या जिल्ह्यात निघतच नाही.

माझ्या बॅचचे लोक बरेच पांगले. एक जण हैदराबादला औषध कंपनीत आहे. एक जण कपाशीच्या बियाण्यांच्या कंपनीत अळीची जनुकं वाचतो. एक मुलगी बँकेसाठी प्रोग्रॅम लिहिते आणि सुखात आहे. आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा अमरावतीला नीटचे क्लास घेतो. मी या कंपनीत अर्ज केला. त्यांनी परीक्षा म्हणून काही जुनी प्रकरणं दिली, ती मी सोडवली, त्यांनी घेतलं.

आमच्याकडे सापडलेला प्रत्येक बदल पाच खणांपैकी एकात टाकावा लागतो. एका टोकाला 'निरुपद्रवी', दुसऱ्या टोकाला 'आजाराला कारण'. मधल्या खणाचं नाव 'अर्थ अनिश्चित'. सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते. आईबाप डॉक्टरांना विचारतात, अनिश्चित म्हणजे काय? डॉक्टर आम्हाला विचारतात. म्हणजे काय, तर आज पुरावा अपुरा आहे. माझ्या नोकरीचा निम्मा भाग माहीत नसलेली गोष्ट माहीत नाही असं सही करून सांगण्यात जातो.

तुझ्या लग्नाआधी मी बोरी अरबला मामांकडे जाऊन बोलले, तेही याच सवयीनं. आपला नयनदादा बाराव्या वर्षी गेला, त्याला काय झालं होतं ते कुणालाच कळलं नाही, आणि प्रणाली सख्ख्या मामाची मुलगी, तेव्हा लग्नाआधी दोघांनी एकदा नागपूरला जाऊन सल्ला घ्यावा, एवढंच म्हटलं होतं. मामा म्हणाले, "तू आमच्या रक्तात खोट काढून राह्यली." तू मला लग्नाला येऊ नको म्हणालास, मी आले नाही. तेव्हा जे बोलले ते आजही बोलेन.

आपल्या घरात काहीतरी आहे ही बातमी माझ्याच तोंडून बाहेर गेली, त्यामुळे माझ्यासाठी येणारी स्थळंही थांबली. तक्रार नाही. बरीचशी स्थळं बरी नव्हती.

सकाळचा आणि संध्याकाळचा फरक बघ.

ताई


बाभुळगाव
५ सप्टेंबर २०२४

कपिल,

तुला प्रणालीकडून कळलंच असेल, पण माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहिते.

ती पोळ्याला माहेरी आली आणि आईच्या फोनवर मला म्हणाली, "ताई, तुमचं पत्र मी वाचलं. त्यायनं फाडलं नाही, टीव्हीखाली ठेवलं होतं." मग म्हणाली, "सकाळी तं धावते हो ताई. पाच वाजले का पाय लाकडावानी होतात. दुपारी झोपली का मंग पुन्हा बरी. डॉक्टर म्हणे, थकते म्हणून होते."

मी तिला म्हटलं, मी उद्या येते. ती म्हणाली, "बाबा घरी आहेत." मी म्हटलं, असू दे.

तान्हा पोळा होता. सकाळी गेले तेव्हा सोनू अंगणात कोंबडीच्या मागं पळत होती. टाचा टेकत होत्या. मामांनी मला दारात पाहिलं आणि ते आत गेले. मामींनी पाणी दिलं. मी ओसरीवर बसून राहिले. संध्याकाळी गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत देवळाकडं निघाली. सोनूनं नवा फ्रॉक घातला होता, बैलाच्या शिंगांना तिनं स्वतः बेगड चिकटवलं होतं. देवळापर्यंत ती पोचली नाही. पाय आत वळले, उजवा हात मनगटात मुडपला, ती खाली बसली. रडली नाही. बैलाची दोरी हातात धरून बाकीची पोरं जाताना बघत राहिली.

मामांनी तिला उचललं. उचलून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "नयनले मी असाच उचलून आणला होता एकदा. जत्रेतून." बस, इतकंच. मग म्हणाले, "कोठी न्यायचं ते सांग."

तुला विचारल्याशिवाय प्रणालीनं जाऊ नये असं मीच म्हटलं होतं. तिनं तुला दोनदा फोन लावला, तू शिफ्टवर होतास. शेवटी आज सकाळी तुला न विचारताच आम्ही नागपूरला गेलो. डॉ. उत्तमसिंग राठोड मुलांच्या मेंदूचे डॉक्टर आहेत, आपल्याच जिल्ह्यातले, दारव्ह्याकडच्या तांड्यातले. त्यांनी सोनूला सकाळी पाहिलं आणि मुद्दाम संध्याकाळपर्यंत बसवून पुन्हा पाहिलं. प्रणालीशी ते बरंच बोलले. माझ्याशी फारसं नाही, आणि तेच योग्य होतं.

त्यांचं म्हणणं असं. मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य तयार होतं. काही मुलांमध्ये ते कमी तयार होतं, दिवसभरात संपत जातं, झोपेनंतर थोडं भरतं. दिसायला तो मेंदूचा लकवाच वाटतो. पण तसं असेल तर गोळी आहे, आणि गोळीनं मूल चालतं. म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरतात त्यावर देतात तीच गोळी, अगदी थोड्या प्रमाणात. ते आजच सुरू करून बघायला तयार होते. प्रणाली म्हणाली, सोनूच्या बाबांना विचारते. संध्याकाळी तू फोनवर म्हणालास की रिपोर्ट आल्याशिवाय पोरीला मेंदूची गोळी द्यायची नाही. तो तुझा अधिकार आहे. जनुकांच्या तपासणीसाठी रक्त दिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तो दवाखाना नमुने आमच्याच कंपनीकडे पाठवतो. परतीच्या बसमध्येच मी वरिष्ठांना लिहून कळवलं की हा नमुना माझ्या भाचीचा आहे. आता त्या प्रकरणाला मी हात लावणार नाही. ते दुसऱ्या बाई बघतील.

ताई


बाभुळगाव
२० ऑक्टोबर २०२४

कपिल,

काल तू फोन केलास. नंबर पुन्हा ब्लॉक केला आहेस की नाही माहीत नाही, म्हणून लिहितेच. शिवाय फोनवर तू बोलत होतास आणि मी ऐकत होते, माझं बोलणं राहून गेलं.

तू म्हणालास, "तुह्याच कंपनीत रिपोर्ट आला आन तू पाह्यला नाही म्हंतं? कोणाले शिकवतं हे?"

मी म्हटलं, मी तो उघडला नाही. तुम्हाला छापील प्रत आली आणि प्रणालीनं फोटो पाठवला, तेव्हाच वाचला.

"एवढी पीएचडी केली, दुनियेच्या पोरायचे रिपोर्ट पाह्यतं. घरच्या पोरीचा टाइम आला तं हात वर. काहून? मी लग्नाले येऊ नको म्हटलं म्हून?"

मग तू म्हणालास, "तुले खरं ठरायचं आहे. बस."

आता उत्तर देते. सोनूचं प्रकरण माझ्या स्क्रीनवरच्या यादीत दिसत होतं. उघडायला एक क्लिक लागली असती. दिवसभरात त्या ओळीवरून माझी नजर किती वेळा गेली ते सांगायची गरज नाही. उघडलं असतं तर मला तेच दिसलं असतं जे मला बघायचं होतं. आजार सापडावा, गोळीचा असावा, असंच मला वाटत होतं. ज्याला उत्तर आधीच हवं आहे त्यानं रिपोर्ट लिहिला तर तो रिपोर्ट कुणाच्याही कामाचा नाही, सोनूच्या तर नाहीच. म्हणून नियम आहे. लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही.

रिपोर्टमध्ये काय आहे ते पुन्हा सांगते, कारण काल तू ते ऐकून घेतलं नाहीस. डोपामिन तयार करायला लागणारं एक जनुक आहे. आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. सोनूच्या दोन्ही प्रतींत एकच बदल आहे. पण हा बदल आजवर कुणी कुठे नोंदवलेला नाही. म्हणून त्या बाईंनी लिहिलं, 'अर्थ अनिश्चित'. मीही तेच लिहिलं असतं.

तो मधल्या खणातून हलायला आणखी पुरावा लागतो. एक म्हणजे तुझं आणि प्रणालीचं रक्त. दुसरा म्हणजे गोळी. गोळीनं मूल चालायला लागलं तर तोही पुरावा धरतात. तू रिपोर्ट पक्का झाल्याशिवाय गोळी देणार नाहीस आणि गोळी दिल्याशिवाय रिपोर्ट पक्का होणार नाही. कुणालातरी आधी हलावं लागेल. कंपनी हलू शकत नाही. तू हलू शकतोस. ऑपरेशनची तारीख जवळ आली आहे, आणि नस कापल्यावर ती पहिल्यासारखी होत नाही.

शेवटी फोन ठेवण्याआधी तू जरा हळू आवाजात विचारलंस, "दादा कसा होता? मले काहीच आठवत नाही." मी म्हटलं, लिहून कळवते. ते आता लिहिते.

दादा सकाळी माझ्यापुढं पळायचा. शाळेत जाताना माझं दप्तर ओढून घ्यायचा आणि नाल्यापर्यंत पळत जाऊन तिथं माझी वाट बघायचा. शाळा सुटेपर्यंत त्याचे पाय आत वळलेले असायचे. बाबा शेतातून सायकलनं यायचे आणि त्याला पुढच्या दांडीवर बसवून घरी न्यायचे. दुपारी झोपला की उठून पुन्हा थोडं चालायचा, म्हणून आजी म्हणायची, "नाटकं करते पोट्टं. मनात आलं का चालते." गुरुजींचंही तेच मत होतं. त्यांनी एकदा त्याला वर्गात उभं करून ठेवलं, तो पडला, सगळी मुलं हसली. मीही हसले, मला कळलं नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी मेंदूचा लकवा म्हणून सांगितलं. पुढं पुढं सकाळीसुद्धा उठवेना. शेवटची दोन वर्षं तो खाटेवरच होता. तू त्याच्याजवळ झोपायचास. त्याचा हात वाकडा व्हायचा, तू तो दाबून सरळ करायचा प्रयत्न करायचास आणि तो हसायचा. हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि तो गेला.

त्याचं रक्त आपल्याकडे नाही. त्याला हेच होतं असं मी कधीही लिहून देऊ शकणार नाही. पण तू मला कंपनीची बाई म्हणून विचारलेलं नाहीस, म्हणून सांगते. तान्ह्या पोळ्याला सोनू खाली बसली, तेव्हा माझ्या तोंडून दादाचं नाव निघता निघता राहिलं.

गोळी सुरू कर.

ताई


बाभुळगाव
१५ डिसेंबर २०२४

कपिल,

आता फोन चालू आहे, तरी हे लिहिते. तुला कागद बरा वाटतो असं प्रणाली म्हणाली.

दिवाळीत तुम्ही आलात तेव्हाचं बोलणं अर्धवट राहिलं. तुम्ही येणार म्हणून आईनं दोन दिवस आधीपासून अंगण सारवलं आणि मला चार वेळा विचारलं की गोळी लागू पडली काय. प्रणालीनं व्हिडिओ पाठवला होता, तो आईनं पाहिला नव्हता. ती म्हणाली, "फोनात काय पाह्यचं? समोर पाहीन."

संध्याकाळी सोनू अंगणात भुईचक्राभोवती पळत होती. टाच टेकत होती, अजून थोडी डगमगते, पण पळत होती. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाबा खुर्चीवर बसले होते, पेपर उलटा धरला होता. तू माझ्याजवळ येऊन म्हणालास, "ताई, चहा घेतं काय?" मी म्हटलं, घेते. तू स्वतः करून आणलास. साखर जास्त होती.

तुम्हा दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्या बाईंनी सोनूचा बदल हलवला. आता तो 'बहुधा आजाराला कारण' या खणात आहे. ऑपरेशन रद्द झालं ते तू बरं केलंस.

डॉ. राठोडांनी आपल्या बाकी घराचंही रक्त मागितलं होतं, कारण मामांच्या धाकट्या मुलीचं आता लग्नाचं वय आहे. ते निकाल परवा आले. आई वाहक आहे, म्हणजे तिची एक प्रत बिघडलेली आहे पण तिला आजार नाही; मामाही वाहक आहेत, हे अपेक्षितच होतं. बाबाही वाहक आहेत. तसं असल्याशिवाय दादाला तो आजार झालाच नसता, पण घरात हे कुणाला सुचलं नव्हतं. आजीनं मरेपर्यंत आईच्या माहेराला, बोरीच्या घराण्याला दोष दिला आणि बाबांनी तिला कधी अडवलं नाही.

मी त्यांना कागद दाखवला. बाबा म्हणाले, "म्हंजे माह्याकडून बी?"

मी म्हटलं, "हो. दोघांकडून निम्मं निम्मं."

आजीचं माहेरही बोरीचंच होतं हे त्यांना बहुतेक आत्ता आठवलं. आई भाकरी थापत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "आयकलं काय?" बाबा म्हणाले, "आयकलं." जेवताना तिनं बाबांना पहिली भाकरी वाढली नाही, मला वाढली. या घरात असं आधी झालेलं मला आठवत नाही.

माझंही रक्त तपासलं. मी वाहक नाही.

ताई


बाभुळगाव
२६ जानेवारी २०२५

कपिल,

हे फोनवर बोलता येणार नाही. तुझ्याकडे प्रणाली जवळ असते आणि माझ्याकडे आई.

आधी माझी बातमी. मी कंपनी सोडते आहे. तिथलं पहिल्या चाळणीचं काम आता मशीनच करतं, माणसं कमी लागतात आणि जी लागतात ती त्यांना बंगळुरूला हवी आहेत. डॉ. राठोडांच्या दवाखान्यात एक प्रकल्प सुरू होतो आहे. रिपोर्ट वाचायचे आणि घरच्यांना समोर बसवून समजावून सांगायचे. आजवर मी एकाही पेशंटचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अकरा महिन्यांचा करार आहे. बाबांनी विचारलं, "कायम आहे काय?" मी म्हटलं, नाही. "मंग चांगली नोकरी कायले सोडतं?" असं ते म्हणाले. सोमवारपासून नागपूरला राहीन, शनिवारी घरी येईन.

आता दुसरं. परवा सकाळी तुरीच्या शेतात गेले होते, सोंगणी चालू आहे. बाबा बांधावर बसले होते. मजूर बायका पलीकडच्या ओळीत होत्या. बाबांनी मला जवळ बसायला सांगितलं. थोडा वेळ ते तुरीच्या शेंगा हातात घेऊन नुसत्याच चोळत राहिले. मग म्हणाले, "नयनले हेच होतं. नाही काय?"

मी म्हटलं, "बाबा, पक्कं सांगता येत नाही. त्याचं रक्त नाही आपल्याकडे."

"पक्कं नको सांगू. तुले काय वाटते ते सांग."

मी म्हटलं, "हेच असावं."

ते मान हलवत राहिले. माझ्याकडे बघत नव्हते. मग म्हणाले, "हे गोळी तवा निंगाली होती काय?"

कपिल, ती गोळी तेव्हा होती. आपल्या दोघांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून होती. नागपूरच्या कुठल्याही मोठ्या औषधाच्या दुकानात मिळाली असती आणि महागही नव्हती. हा आजारही पुस्तकात होता. कुणीतरी दादाला सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहायला हवं होतं. बाबा त्याला यवतमाळला न्यायचे ते नेहमी शेतातली कामं उरकून, दुपारच्या एसटीनं. तिथं पोचेपर्यंत पाय वळलेले असायचे. चालणारा नयन कुठल्याच डॉक्टरनं कधी पाहिला नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी म्हटलं, "नाही बाबा. नंतर निघाली."

त्यांनी विचारलं, "किती नंतर?"

"बऱ्याच वर्षांनी. तुम्ही काहीच करू शकला नसता."

ते म्हणाले, "मंग ठीक आहे." हातातल्या शेंगा त्यांनी खाली टाकल्या, उठले आणि बायकांना पाणी आणून द्यायला विहिरीकडं गेले. परतताना माझ्या डोक्यावर हात ठेवून पुढं गेले. लहानपणापासून त्यांनी तसं केलं नव्हतं.

तुझ्याजवळही ते हा विषय काढतील. उन्हाळ्यात तुमच्याकडे येणार आहेत, तेव्हा काढतील. तुला यातली माझ्याइतकी माहिती नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून ते तुला सहज विचारल्यासारखं विचारतील, सोनूची गोळी हातात घेऊन. तू वर्ष सांगू नकोस, सांगितलंस तर चुकशील. नुसतं म्हण, ताई सांगत होती, नंतर निघाली. प्रणालीलाही हेच सांग आणि तिला कारण सांगू नकोस.

आईनं अजून काही विचारलेलं नाही. विचारलं तर तिला काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही. तिला खोटं सांगता येईल असं मला वाटत नाही. तसं झालं तर तू इकडे ये.

ताई